अर्जाची पोच

म्हसळ्यात फॉर्म्युला वनच्या शर्यती बघणारा माणूस एकच, आणि तो मी. याची मी खात्री करून घेतलीय. अकरा वर्षं इथे स्टँडसमोर मोबाईल आणि डिशचं दुकान चालवतोय, तालुक्यातल्या निम्म्या छपरांवर चढून आलोय. कुणाच्या टीव्हीवर काय चालतं ते त्या घरच्या माणसांपेक्षा मला जास्त ठाऊक. क्रिकेट, मालिका, कबड्डी, बातम्या. मोटारींची शर्यत कुणी बघत नाही. सांगायला गेलं तर ‘गोल गोल फिरतात, त्यात काय बघायचं?’ म्हणतात, आणि स्वतः मात्र उन्हात उभ्या राहिलेल्या अकरा माणसांकडे दिवसभर बघत बसतात. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून मी नाद सोडला.

बायको होती तेव्हा निदान ‘आवाज कमी करा’ म्हणायला कुणी होतं. सहा वर्षांपूर्वी ती पनवेलला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढतो, मोठा टीव्ही लावतो आणि एकटाच ओरडतो. ओरडून झालं की दुकान फार शांत होतं. ती शांतता मला आवडत नाही.

म्हणून मी मोबाईलवर भांडतो. मराठी शौकिनांचा एक ग्रुप आहे, पुण्या-नाशिकपासून दुबईपर्यंतचे चार हजार लोक. एकालाही मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही, पण नियम बदलला की आम्ही एकमेकांचे बाप काढतो. सर्वांत वेगवान फेरीला एक जादा गुण मिळायचा तो काढून टाकला, त्यावर मी दोन पानं लिहिली. पुढच्या वर्षी गाड्या अर्ध्या विजेवर पळणार, त्यावर चार पानं. शर्यती भरवणाऱ्या परदेशातल्या ऑफिसच्या पेजवरही लिहितो. तिथून अकरा वर्षांत एका अक्षराचं उत्तर आलेलं नाही.

माझं सगळ्यांत गाजलेलं लिखाण कॅलेंडरवर होतं. चार वर्षं हंगामाची पहिली शर्यत बहारीनला, मार्चच्या आसपास. २०२५चं कॅलेंडर आलं तर सुरुवात ऑस्ट्रेलियाला आणि बहारीन ढकललेलं एप्रिलच्या मध्यात. कारण मार्चभर रमजान. मी तापलो. लिहिलं, ‘बहारीन म्हणजे आमचा पाडवा. रमजानसाठी आम्ही का थांबायचं?’ त्याला सदतीस अंगठे मिळाले. इतके मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते. दोन दिवस मी खुशीत होतो.

त्यानंतरच्या जानेवारीत जैबुन्निसा चाची दुकानात आल्या. स्टँडमागच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या. त्यांचे मालक मकसूदचाचा बावीस वर्षं तहसील कचेरीत शिपाई होते, ऑगस्टमध्ये वारले. चाचींनी छत्रीसारखी घट्ट गुंडाळलेली पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, “तू ते गाड्यांच्या शर्यतीचं बघतोस ना? जिब्रान सांगत व्हता.”

“कोण जिब्रान?”

“माझा पोरगा. बहारीनला त्या शर्यतीच्या मैदानावर विजेचं काम करतो, ठेकेदाराकडं.”

मी स्टुलावरून उठलोच. अकरा वर्षं मी ज्या मैदानाचं प्रत्येक वळण पाठ करतोय, तिथले दिवे म्हसळ्याचा पोरगा लावतोय आणि मला पत्ता नाही! मी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि शंभर प्रश्न विचारले. चाचींनी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्या स्वतःचं काम घेऊन आल्या होत्या.

काम असं होतं. शर्यत होईपर्यंत ठेकेदार कुणाला सोडत नाही. शर्यत झाली की जिब्रानला सुट्टी. म्हणून दर साली तो मार्चमध्ये यायचा, रोजे आईबापांबरोबर धरायचा, ईद करून परत जायचा. यंदा शर्यत ईदनंतर तेरा दिवसांनी. म्हणजे ईदला तो येणार नाही. मकसूदचाचा गेल्यानंतरची ही पहिलीच ईद.

“नंतर येईल की, चाची. एप्रिलअखेर.”

“येईल. पण ईद थांबते का त्याच्यासाठी? मी एकटी काय करू त्या दिवशी? सांग.”

मी दिवाळीला दुकान उघडं ठेवतो, एवढंच मला माहीत.

“तारीख बदलली कुणी?” त्यांनी विचारलं.

“शर्यतीच्या ऑफिसनं. रमजानचा मान म्हणून.”

“आमच्यासाठी बदलली, आणि आम्हाला इचारलं न्हाय?” चाचींनी चहाचा कप खाली ठेवला. “मग अर्ज दे. तू लिही, मी सही करते.”

मला हसू आलं. जगभरातले लाखो लोक त्या तारखांवर बोंबलत होते, मोठमोठे पत्रकार लिहीत होते, आणि अर्ज देण्याचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पण चाचींचा सगळा संसार तहसील कचेरीच्या दारात झालेला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची कामं, अर्ज दिलेली आणि न दिलेली. त्यांनी पिशवीतून आखीव कागद काढला. कार्बनही आणला होता.

“दोन प्रती,” त्या म्हणाल्या. “एक त्यांना, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. जिब्रानचे अब्बा सांगायचे, पोच नसलेला अर्ज म्हंजे रद्दी.”

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो.

‘मेहेरबान अध्यक्ष साहेब, मोटारींच्या शर्यतीचे ऑफिस, यांचे सेवेशी. विषय : बहारीन येथील शर्यत पूर्वीप्रमाणे रमजान सुरू होण्याआधी घेणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार विधवा बाई, राहणार म्हसळा, विनंती अर्ज करते की, आपण रमजानचा मान राखून शर्यत पुढे नेली याबद्दल आभारी आहे. परंतु त्यामुळे माझा एकुलता मुलगा ईदला घरी येऊ शकत नाही. रोजेदाराला वेळेवर घरी पाठवणे हाही मानच आहे. तरी शर्यत रोजे सुरू होण्याआधी उरकून घ्यावी, ही नम्र विनंती. कळावे.’

खाली त्यांनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही, प्रत्येक अक्षर सुटं आणि ठाम.

मी अर्जाचं इंग्रजी केलं आणि शर्यतीच्या ऑफिसच्या वेबसाईटवर भरून पाठवला. पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली धन्यवाद.

“बघा, पोचला. धन्यवाद म्हणाले.”

“धन्यवाद तर कुणीबी म्हणतो. आवक नंबर काय दिला?”

आवक नंबर दिला नव्हता.

“मग उद्या येते,” म्हणून चाची गेल्या.

दुसऱ्या दिवशी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपून बरोबर पाचला त्या आल्या. “आलं का काही?” नव्हतं आलं. तिसऱ्या दिवशीही आल्या, चौथ्या दिवशीही. कचेरीत खेटे घालायची सवय असलेली बाई, तिला दमणं माहीत नव्हतं. पहिले चार दिवस मला वैताग आला. पाचव्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटं झाली आणि त्या दिसल्या नाहीत, तेव्हा मी दुकानाच्या बाहेर येऊन मोहल्ल्याच्या रस्त्याकडे बघत उभा राहिलो. स्वतःचीच मला लाज वाटली. तेवढ्यात त्या आल्या, वाटेत कोथिंबीर घ्यायला थांबल्या होत्या.

मग चहावाला न सांगता पाचला दोन चहा आणायला लागला. रोज अर्जाचं विचारून झालं की मी त्यांना शर्यतीतलं काही सांगायचो. पिवळा झेंडा म्हणजे हळू चला, लाल म्हणजे थांबा. चाचींना लवकर समजायचं. वेगवान फेरीचा तो एक गुण काढून टाकल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, “एकच तर व्हता गरिबाचा. तोबी काढला?” माझी दोन पानं त्यांनी एका वाक्यात उरकली होती. मी इतका हसलो की समोरचा पानवाला बघायला लागला.

हे सगळं माझ्या पोटात राहीना. मी चाचींचं नाव झाकून अर्जाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी त्यांना लोकांचं म्हणणं वाचून दाखवायला बसलो. कुणी हसून लोळणारे चेहरे टाकले होते. एकानं लिहिलं होतं, ‘चाचींना पहिल्या रांगेत उभं करा.’ दुसऱ्यानं, ‘आधी रमजानसाठी पुढे, आता रमजानसाठी मागे, एकदाचं ठरवा काय ते.’ एका बाईनं लिहिलं होतं, ‘माझा मुलगाही बाहेर आहे. अर्ज बरोबर आहे.’ ते चाचींनी मला परत वाचायला लावलं. त्याच्या खाली कुणीतरी माझं जुनं लिखाण खणून आणलं होतं. ‘रमजानसाठी आम्ही का थांबायचं, हे तूच लिहिलं होतंस ना रे निकेत?’

“का थांबलास?” चाचींनी विचारलं.

“नेट गेलं,” मी म्हटलं.

फेब्रुवारी निम्मा सरला आणि चाची पोचेसाठी अडून बसल्या. रमजान पंधरा दिवसांवर आलेला. “महिना झाला. पोच न्हाय म्हंजे अर्ज गेलाच न्हाय. दुसऱ्या ऑफिसात देऊ या का? कलेक्टरला?” आणि मग अगदी हळू आवाजात, “का न्हायच व्हणार हे?” “होईल, पोच येईलच,” मी म्हटलं. न्हायच व्हणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तसं सांगितलं असतं तर त्या उद्यापासून आल्या नसत्या. चांगलं वाटावं म्हणून मी खोटं बोललो असं आता सांगता येईल, पण ते अर्धंच खरं. मला पाचचा दुसरा चहा हवा होता.

त्या रात्री मी इंग्रजीत दोन ओळींची पोच टाईप करून छापली. अर्ज मिळाला, नंबर चोवीस, विचाराधीन आहे. चोवीस, कारण यंदा शर्यती चोवीस. पण शिक्का नसलेली पोच चाचींनी मानली नसती. माझ्याकडे शिक्का एकच, दुकानाचा. तो मी थोडा तिरका मारला आणि शाई ओली असतानाच अंगठ्यानं फिरवली. वरचं नाव पुसलं गेलं. खालचंही बऱ्यापैकी पुसलं गेलं असं मला वाटलं.

चाचींनी ती पोच हातात घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितली. मी कीबोर्ड पुसत होतो, नको इतका पुसत होतो.

“चोवीस नंबर,” त्या म्हणाल्या. कागदाची घडी घातली, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवला, पिशवी गुंडाळली. “बरं झालं. जिवाला शांती.”

रमजान सुरू झाला. चाची रोजा धरून पाचला यायच्या, अर्ज कुठवर आला विचारायच्या. मी म्हणायचो, “विचाराधीन आहे.” त्या मान डोलवायच्या. मी चहा बंद केला होता, त्यांच्यासमोर पिववेना. चहावाला म्हणाला, “रोजे धरले का काय?” ऑस्ट्रेलियाची शर्यत रविवारी सकाळी होती, ती त्यांनी माझ्या शेजारी बसून बघितली. तिकडे पाऊस, गाड्या भिंतीवर आपटत होत्या आणि प्रत्येक वेळी चाची ‘या अल्ला, कुणाचा पोरगा रे!’ म्हणायच्या. सहा वर्षांत पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी दुकानात माझ्याशिवाय कुणाचा तरी आवाज होता. शर्यत संपली तेव्हा मला वाटलं, आत्ता सांगावं. सांगितलं नाही.

ईद सोमवारी आली. आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला, मोहल्ल्यात फटाके वाजले. मला झोप लागली नाही. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चाचींच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. घर सारवल्यासारखं स्वच्छ, खुंटीवर नवा कुर्ता, घडी न मोडलेला. टेबलावर शीरखुर्म्याचे दोन वाडगे. दोन्ही भरलेले.

“ये,” चाची म्हणाल्या. “बस. ईद मुबारक म्हण आधी.”

मी म्हटलं. आणि बसायच्या आतच बोलून टाकलं. पोच खोटी आहे, मी छापली, शिक्का माझा. अर्ज पाठवला होता हे खरं, पण तिकडून काहीही आलेलं नाही आणि येणारही नव्हतं. आणि रमजानसाठी आम्ही का थांबायचं, असं मीच लिहिलं होतं गेल्या साली, त्या दिवशी नेट गेलं नव्हतं.

चाची उठल्या. रेशनकार्डाचं प्लॅस्टिक आणलं, त्यातून पोच काढून माझ्यासमोर धरली आणि शिक्क्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. अंगठा तिथवर पोचला नव्हता. ‘स्टँडसमोर, म्हसळा’ अशी अक्षरं स्वच्छ होती.

“शर्यतीचं ऑफिस स्टँडसमोर कवापासून आलं रे?” त्या म्हणाल्या. “शिपायाची बायको हाय मी. बावीस वर्सं शिक्के बघितले.”

“म्हणजे त्याच दिवशी...”

“त्याच दिवशी.”

“मग रोज येऊन विचारत का होता?”

चाचींनी पोचेची घडी पूर्ववत घातली. “जिब्रानचे अब्बा गेल्यावर सगळी कामं एका महिन्यात आटोपली. पेन्शन, वारस नोंद, सगळी. मग कुठं जाणार मी? पाच वाजता कुठंतरी जाऊन इचारायला पायजे ना माणसाला, माझ्या अर्जाचं काय झालं म्हणून. कुणी ‘उद्या या’ म्हणालं की उद्याचा दिस निघतो.”

मी आता कुठे खुर्चीत बसलो.

“आणि ते तू लिहिलं ते,” त्या पुढे म्हणाल्या, “रमजानसाठी का थांबायचं. मीबी तेच लिहिलं ना अर्जात? नका थांबू म्हणून.” त्या थोड्या हसल्या, मग हसू राहिलं नाही. “पण तुला आजच सांगायचं व्हतं का हे, निकेत? आता उद्यापासून मी काय इचारायला येऊ?”

दुसरा वाडगा त्यांनी माझ्याकडे सरकवला. जिब्रानच्या नावचा शीरखुर्मा मी खाल्ला. गोड होता. जिब्रानचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी निघालो.

रोजे संपले म्हणून मंगळवारी पाचला पुन्हा दोन चहा आले. एक मी प्यायलो, दुसऱ्यावर साय धरली. बुधवारी तेच. मी ग्रुप उघडला, तिथे कुठल्याशा दंडाच्या निर्णयावरून मारामारी चालली होती. मी लिहायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. शंभरेक लोक भांडत होते आणि त्यातल्या कुणालाही मी नसल्याचं कळलं नव्हतं. गुरुवारी चहावाल्यानं विचारलं, “एकच आणू का उद्यापासून?” मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

शुक्रवारी पावणेपाचला मी शटर पूर्ण खाली ओढलं. चालू दिवशी, दिवसाउजेडी, अकरा वर्षांत पहिल्यांदा. स्टेशनरीच्या दुकानातून आखीव कागद घेतला, तिथेच उभ्या उभ्या लिहिलं आणि मोहल्ल्यात गेलो. चाची ओट्यावर एकट्या बसल्या होत्या, नमाज करून झालेली, पिशवी गुंडाळून मांडीवर. कुठेही जायचं नव्हतं तरी पिशवी मांडीवर होती.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

“जैबुन्निसा चाची यांचे सेवेशी. विषय : दिनांक १३ एप्रिल रोजी बहारीनच्या शर्यतीस दुकानात उपस्थित राहणेबाबत. महोदया, मी खाली सही करणार, राहणार म्हसळा, एकटाच असतो...”

तिथे त्या थांबल्या. पुढचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं. कागदाची मागची बाजू बघितली, परत पुढची बघितली.

“विचार करावा लागेल,” त्या म्हणाल्या. तोंडावर पक्का कारकून बसला होता. “उद्या ये.”

“पोच?” मी म्हटलं.

“एकच प्रत आणलीस, पोच कशावर देऊ?” चाचींनी पिशवी उलगडली, आतून आखीव कागद आणि ते कार्बन काढून माझ्या हातात दिलं. “इतकी वर्सं नुस्ता लिहीत आलास, अर्ज द्यायला न्हाय शिकलास. बस तिथं. दोन प्रती काढ.”

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.